ठकूआत्याची घागर

"नळाचा फायदा सांगा ना, काकू," मोबाइल धरत शलाका म्हणाली. सामाजिक उद्योगाच्या प्रकल्पात तिच्या एमबीएच्या गटाने या वाडीत घरोघरी नळ आणले होते. बायकांची विहिरीवरची खेप वाचली म्हणून कॉलेजने पहिलं बक्षीसही दिलं होतं. आता व्हिडिओ तेवढा उरला होता.

"लई सोय झाली बघ. पाण्यासाठी उंबरा ओलांडाया नको." काकूंची नजर समोरच्या बंद दारावर गेली. "ठकूआत्या तिथं एकलीच राहायची. विहिरीवर तिची घागर दिसली नाही, की कुणीतरी दार वाजवायचंच. नळ आल्यावर रोज सकाळी पाणी सुटायचं, तिच्या मोरीतनं आवाज यायचा. वाटायचं, आत्या पाणी भरतीया."

काकूंनी दारावरची नजर काढली. "नळ उघडाच राहिला होता गं. आत्या कवाच गेली होती, कुणालाच ठावं नाही."

शलाकाने मोबाइल खाली घेतला.

तेव्हापासून वसतिगृहात बंद बाथरूममधून नळाचा आवाज आला, की तिचे पाय थबकतात. ती दार वाजवते. आतली मुलगी वैतागून "काय कटकट आहे?" म्हणेपर्यंत वाजवतच राहते.