चाळिसावी चिठ्ठी

बयाबाई म्हशीची धार काढत होत्या आणि पिराजी शेजारी पाटावर बसून, मांडीवरची प्रश्नावली भरत होते. नाव, वय, व्यवसाय. हात भराभरा चालत होता. बायकोची माहिती बायकोला काय विचारायची?

पिराजी सहासष्ट वर्षांचे. पहिलं अक्षर गिरवलं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गावातल्या प्रौढांच्या वर्गात. मग बाहेरून दहावी, बारावी झाली. आता राधानगरीहून एसटीनं कोल्हापूरला जायचे आणि विद्यापीठात शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्र असे दोन विषय एकदम शिकायचे. दात पडल्यावर चणे मिळाले, तर गड्यानं दोन्ही मुठी भरून घेतले.

दोन्ही विषयांना मिळून एकच प्रकल्प होता आणि तो उद्या द्यायचा होता. शिक्षणशास्त्राच्या भागात पिराजींनी घरचाच प्रयोग लिहिला होता : निरक्षर पत्नीला आपण एका पावसाळ्यात लिहाय-वाचायला कसं शिकवलं. 'पिराजी पद्धत' असं बारसंही उरकलं होतं. 'विद्यार्थिनी जरा मंद होती, पण शिक्षकाने संयम सोडला नाही,' हे त्यातलं त्यांचं आवडतं वाक्य. विद्यापीठातल्या ऋता मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं तेव्हा नातवंडांच्या वयाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत पिराजी विनयानं टोपी सारखी करत राहिले.

समाजशास्त्रासाठी गावातल्या चाळीस घरांतल्या बायकांची पाहणी होती. घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि चाळिसावी चिठ्ठी पिराजींच्याच घराची निघाली. "चिठ्ठी बदलायची नाही," मॅडम म्हणाल्या, "आणि उत्तरं बाईंच्याच तोंडची हवीत."

ते पिराजींना सांगायची गरज नव्हती. एकोणचाळीस घरांत नवरेच पुढं सरकले होते. "तिला काय इचारतोस? मी सांगतो की." या एकोणचाळीस नवऱ्यांची पिराजींनी प्रकल्पात तीन पानं भरून खरडपट्टी काढली होती.

"हं, कर सही," त्यांनी कागद पुढं केला.

बयाबाईंनी हात पदराला पुसले. "आदी वाचून दावा."

"शिक्षण : शाळेत गेल्या नाहीत. पतीने साक्षर केले."

"सातवी पास हाय मी."

म्हशीनं शेपटी फिरवली ती पिराजींच्या टोपीला लागली. त्यांना ते कळलंही नाही.

"कवा झालीस?"

"लग्नाच्या आदी. आई म्हणाली, नवरा अंगठेबहाद्दर हाय, त्याच्याम्होरं सही करू नगंस. मग मीबी अंगठाच धरला."

"आणि मी शिकवाय बसलो तवा? तवा का न्हाय बोललीस?"

"तवा तुमी प्रौढांचा वर्ग सोडाय निघालता. गावची पोरं हसत्यात म्हणायचा. म्हटलं, घरात कुणाला तरी शिकवाय लागलं तर जातील." बयाबाई चरवी उचलून उठल्या. "तुमी 'भ'ला 'म' सांगायचा. मी येड्यावाणी इचारायची, अवो, ह्यो नक्की 'म'च हाय न्हवं? मग तुमी पुस्तक काढून बघायचा आणि मलाच समजावून सांगायचा."

पिराजींना तो पावसाळा आठवला. रोज संध्याकाळी चार-पाच तरी प्रश्न. कपाळाला हात लावून ते पुस्तक उघडायचे.

बयाबाईंनी प्रश्नावलीवर सही ठोकली. वळणदार, एका दमात, खाली रेघ मारून. "उद्या द्यायचाय न्हवं? बघत काय बसलाय, लिवा की."

पिराजींनी प्रकल्प उघडला. तीन पानांत जिथं जिथं एकोणचाळीस नवरे होते, तिथं चाळीस केले. मग घरच्या प्रयोगाकडं वळले. प्रकरण फाडावं असं मनात आलं, पण वाचत गेले तसं पटलं की पद्धतीत खोट काहीच नव्हती. शिक्षकाचं नाव खोडून विद्यार्थिनीच्या जागी घातलं आणि विद्यार्थिनीचं शिक्षकाच्या. आवडत्या वाक्यावर येऊन ते थबकले.

'विद्यार्थी जरा मंद होता, पण शिक्षिकेने संयम सोडला नाही.'

ते आता कुठं खरं झालं होतं.