सारखेच फासे

पडद्यावर आकडे उमटले. पाच, दोन, दोन, सहा, एक, सहा. वुलानबाईंचा हात माउसवरच राहिला. हे आकडे त्यांना तोंडपाठ होते.

गेल्याच आठवड्यात त्यांनी ते अख्ख्या वर्गासमोर मोठ्याने वाचले होते. संगणकावर फासा शंभर वेळा टाकायचा आणि आकडे उतरवायचे, असं प्रात्यक्षिक होतं. गालिह आणि युस्टिना, दोघांचे शंभरच्या शंभर आकडे सारखे निघाले. गालिह इथल्याच, मलांग शहरातला, वर्गात पहिला. त्याच्या मागे बसणारी युस्टिना फ्लोरेस बेटावरून आलेली, कशीबशी पास होणारी. कोणी कोणाचं उतरवलं हे ठरवायला बाईंना क्षणही लागला नाही. "तुझा फासासुद्धा पुढच्याच्या वहीत डोकावतो वाटतं?" असं त्यांनी विचारलं, आणि वर्ग हसला. प्रात्यक्षिकात शून्य, म्हणजे वर्ष पुन्हा. युस्टिना, इथल्या सगळ्या मुलांसारखं बाईंना 'बू' म्हणत, "मी नाही पाहिलं, बू," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

बाईंनी शेजारचा संगणक सुरू केला. तेच आकडे. तिसऱ्यावरही तेच. प्रोग्राम नव्याने उघडला की तो दर वेळी त्याच फाशांपासून सुरुवात करत होता. 'सराव नको, उघडा आणि थेट टाका,' असं त्यांनीच बजावलं होतं. बाकीच्यांनी आधी गंमत म्हणून दहा-वीस फासे टाकून पाहिले, म्हणून त्यांचे आकडे वेगळे आले. बाईंचं ऐकलं होतं फक्त दोघांनी, आणि त्यातल्या एकीला त्यांनी चोर ठरवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तासाला त्यांनी सगळ्यांना एकदम प्रोग्राम उघडून फासे टाकायला लावले. वीस पडदे, आकड्यांची एकच रांग. मुलं एकमेकांच्या पडद्यांकडे पाहू लागली.

"युस्टिना, तू उतरवलं नव्हतंस," बाई म्हणाल्या. "चूक माझी. शून्य मी खोडलंय."

युस्टिनाने मान खाली घातली. पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही, आणि तेच बाईंना खटकलं. वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवर करून पाहिलं होतं, बू."

"मग येऊन सांगायचं नाही का, पोरी? वर्ष जात होतं तुझं."

"आले होते ना. दोनदा. दोन्ही वेळा तुमच्या खोलीत दुसरे सर बसले होते. चारचौघांत तुमची चूक कशी काढायची?"