चाचणीचं पीठ

मालकांच्या आजोबांनी गिरण्या बनवायचा कारखाना काढला तेव्हापासूनचा दंडक होता, पोतंभर धान्य दळून बघितल्याशिवाय नवी गिरणी फाटकाबाहेर जायची नाही आणि चाचणीचं पीठ कामगारांनी घरी न्यायचं. कॉफीच्या गिरण्या कधीच भंगारात गेल्या होत्या. पिठाची एकच उरली होती, तिलाही वर्षभर गिऱ्हाईक नव्हतं. तरी मिस्त्री कारखान्याच्या कोठारातलं धान्य घालून रोज तिची चाचणी घ्यायचा. आठ कामगारांची घरं त्याच पिठावर जगत होती.

आज मालक अचानक समोर येऊन उभे राहिले. मिस्त्रीनं घाईघाईनं गिरणी बंद केली.

"पीठ अजून जाडसर पडतंय, मालक. उद्या परत लावून बघतो."

मालकांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. चांगलं मऊसूत होतं.

"जाडसरच आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले आणि पाठीमागे धरलेला रिकामा डबा त्यांनी पुढे केला.