दोनशे किलोमीटरचं भजन

"गोविंदपुरम्‌लाच आहें की," सेतुराव फोनवर म्हणाले. तेवढ्यात नागपट्टणमच्या हमरस्त्यावर एका ट्रकने भोंगा वाजवला. "तें? कोणी शंख फुंकिला. भजन बहुत रंगलें आहे."

"पाणी पीत राहा," पलीकडून त्यांची बायको वसंता म्हणाली. "आणि उन्हांत बसूं नका."

सेतुरावांनी फोन ठेवला, हेल्मेट काढलं आणि घाम पुसला. एकसष्ट वर्षांच्या माणसाने, एकादशीच्या दिवशी, गोविंदपुरम्‌च्या देवळातल्या विठ्ठलाला साक्षीला धरून बायकोला थापा माराव्यात हे काही शोभणारं नव्हतं. पण काय करणार? गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसला, तेव्हाच वसंताने सायकल विकायला काढली होती. त्यांनी ती आपल्या दुकानात, पितळी समयांच्या मागे, जुन्या पडद्याखाली दडवून ठेवली.

कुंभकोणमहून वेळांकण्णी आणि परत, सायकलवर दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. वाटेत ठरल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. कुणाचा पहिला नंबर नाही, कुणाचा शेवटचा नाही. वेळेत परतला तो जिंकला. सेतुरावांना ही फेरी डिसेंबरातल्या ट्रायथलॉनची तालीम म्हणून हवी होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. त्या अर्जावर साठीपुढच्यांना डॉक्टरची सही लागे, आणि घरच्या माणसाचीही. अर्ज महिनाभर खिशात फिरत होता. आजची फेरी पुरी झाली तर वसंतासमोर तोंड उघडायचं, अर्ध्यात सोडावी लागली तर अर्ज फाडून टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"घरून फोन का, सार?" शेजारच्या माणसाने तमिळमध्ये विचारलं.

हा हरिप्रसाद, आज पहाटेच ओळख झालेला. चाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा. पहाटे सहाला सगळे निघाले तेव्हा मागे पडला आणि सेतुरावांच्या गळ्यातच पडला. दर पंधरा किलोमीटरला याला काहीतरी होई. कधी पायात गोळा, कधी तहान, कधी चाकात हवा कमी. थांबला की हात पुढे करून म्हणे, "तुम्ही आहात म्हणून मी चाललोय, सार." आणि धरलेला हात लवकर सोडत नसे. माणूस गोड होता, पण घोंगडं भिजत ठेवणारा. त्याला एकट्याला टाकून जाणं सेतुरावांच्या स्वभावात नव्हतं.

त्याच्यासमोर थापा मारायला मात्र काही हरकत नव्हती. सेतुरावांच्या पूर्वजांनी तंजावरच्या दरबाराबरोबर आणलेली मराठी उंबऱ्याच्या आतच राहिली होती. उंबरा ओलांडला की तमिळ. भिंतीला कान असतात हे खरं, पण इकडच्या भिंतींना मराठी येत नाही.

ही मराठी बोलायला दुसरा माणूस होता तो कृष्णमूर्ति, सख्खा चुलतभाऊ. दुपार कलली आणि मयिलाडुदुरै मागे पडलं, तेव्हा त्याची आठवण दाटून आली. शाळेत असताना दोघांत मिळून एक सायकल. एकाने पायडल मारायचं, दुसऱ्याने मागे बसून पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा चुकला की जागा बदलायची. तिरुविडैमरुदूरच्या पुढे कावेरीत पोहायचं आणि ओल्या चड्डीनिशी घरापर्यंत धावत जायचं. त्याला ट्रायथलॉन म्हणतात हे पन्नाशीनंतर कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. साठीला एकत्र उतरायचं ठरलं. कृष्णमूर्ति अठ्ठावन्नाव्या वर्षीच गेला. त्या दिवसापासून सेतुरावांना घराबाहेर आपल्या भाषेत हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि याचं त्यांना फार वाईट वाटे.

तिरुविडैमरुदूरला कावेरीत यंदा पाणी बरं होतं. काठाशी कुणी पोहत नव्हतं. सेतुरावांचे पाय जड झाले, श्वास वर लागला. पन्नास मिनिटं हाताशी, आणि दहा किलोमीटर बाकी.

"सार, मला पाच मिनिटं बसायला हवं," हरिप्रसाद म्हणाला.

"आत्ता? वेळ संपेल."

"नाही संपणार. मी हिशेब केलाय."

सेतुराव मनातून चरफडले. पण बसल्यावर बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. हरिप्रसादने त्यांना आपल्या बाटलीतलं मीठसाखरेचं पाणी दिलं आणि नेहमीसारखा हात धरून बसला. वाटेवर वसंताचा पुन्हा फोन आला.

"आरती व्हायची आहे," सेतुरावांनी धाप आवरत सांगितलं. "एक तमिळ माणूस गळ्यांत पडला आहे. दर घडीस बसतो. हा नसता तर केव्हांच आलों असतों."

"असूं द्या. त्यास सोडूं नका," वसंता म्हणाली.

मुदतीला चार मिनिटं राहिली असताना दोघं कुंभकोणमच्या स्टेशनासमोरच्या कॉफी हॉटेलात पोहोचले. संयोजकांनी कार्डावर शेवटचा शिक्का मारला. सेतुरावांनी तो शिक्का अंगठ्याने पुसून पाहिला, शाई खरी आहे ना म्हणून. डोळे भरून आले. कृष्णमूर्ति असता तर म्हणाला असता, आतां तूं मागे बैस.

आता घरी खरं सांगायचं होतं. दोनशे किलोमीटर सोपे होते, हेच अवघड. त्यांनी धीर करून वसंताला फोन लावला. तो व्यस्त लागला. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त.

हरिप्रसादला कॉफी हवी का विचारावं म्हणून ते वळले. तो खांबाला टेकून पाठमोरा उभा होता, फोन कानाशी, आणि अगदी त्यांच्या घरच्यासारख्या जुन्या मराठीत सांगत होता, "पावलों, वसंताकाकू. दर पंधरा किलोमीटरांस बसविलें, नाडी पाहिली, बरी आहे. अर्जावर डाक्तराची सही मी करितों. तुमची आज देतां, की उद्यां?"