सोलरवरच्या कुरडया

परभणीच्या साहेबांसोबत समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाचे अधिकारी सौरऊर्जेचा कारभार शिकायला आमच्या शाळेत आले. फाडफाड इंग्रजी बोलणारी मी एकटीच, म्हणून माहिती सांगायचा मान माझा! “बॅटरी बंद हाय, हे बोलायचं न्हाई,” हेडसरांनी बजावलेलं. खिचडीवाल्या शिवकन्यामावशीनं गच्चीवरच्या सोलर प्लेटांवर वाळत घातलेल्या कुरडया सकाळीच उचलल्या होत्या. गच्चीवर पाहुण्यांतल्या एका बाईंनी प्लेटांकडे बोट दाखवून विचारलं, “कॉम्प्युटर यावरच चालतात?” मला कॉम्प्युटर शिकायचाय, पण दोन वर्षं कॉम्प्युटरची खोली कुलपातच! म्हणून खरं सांगून टाकलं, “नाही मॅडम, बॅटरी मेलीय. साहेबांना तुम्ही सांगा ना!” बाईंनी प्लेटला चिकटलेला कुरडईचा तुकडा नखानं काढला. हळूच म्हणाल्या, “आमच्याकडं यांच्यावर मासळी वाळवतात.” मग साहेबांकडे वळून हसल्या, “व्हेरी गुड प्रोजेक्ट!” टाळ्या वाजल्या. जिन्यातून मावशी ओरडली, “पाव्हणे गेले का गं? कुरडया टाकायच्यात.”