घरातली वाक्यं

"अंघोळ घालायला तूच ये गं, परक्या बाईचा हात नको मला." माहेरी हात मोडून अंथरुणाला खिळलेल्या आईचे फोनवरचे हे शब्द सूनबाईच्या कानातून जात नव्हते. "येते" असा शब्द ती देऊन बसली होती. पण घरात विषय काढला की नवरा म्हणे, "आमच्या आईचे गुडघे हे असे. तिला घोटभर चहा तरी कोण देणार?"

जीव थाऱ्यावर नव्हता, तरी संध्याकाळी तिने सासूबाईंचा इंग्रजीचा पाठ घेतलाच. परदेशातल्या नातवाशी बोलायचं म्हणून त्या हौसेने शिकत होत्या.

"आज कुणी कुणाला काय द्यावं, काय करून द्यावं, अशी वाक्यं करायची. पुस्तकातली नकोत हं आई, आपल्या घरातली करा."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "यू मस्ट गिव्ह युवर मदर अ बाथ."

सूनबाईने चमकून वर पाहिलं.

"चुकलं का गं? गुडघे गेलेत माझे, कान शाबूत आहेत."

"बरोबर आहे, आई. पण मग इथे तुमचं..."

"थांब, दुसरंही तयार आहे." फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या लेकाकडे बघत त्या ठणकावून म्हणाल्या, "माय सन कॅन मेक मी टी!"



स्वयंपाकघरातून "आई, साखर कुठे असते?" अशी हाक आली, तोवर सूनबाईने हळूच बॅग भरायला घेतली होती.