डावीकडची नजर

“शाल घालायची तर एखाद्या पुतळ्याला घाल,” दिवाकर म्हणाले. “कार्यक्रम माझ्या नावाने आहे ना? मग माझी गिटार वाजेल. नाहीतर रद्द कर.”

फोन स्पीकरवर होता. पलीकडे शेखर होता. इकडे दिवाकरांच्या नातीला, सईला, हसू आवरेना.

शेखर हा दिवाकरांचा सर्वांत जुना शिष्य. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या हॉलमध्ये त्याने सरांचा सत्कार ठेवला होता. शिष्य वाजवणार, सर पहिल्या रांगेत बसून बघणार. मार्चमध्ये सरांना अर्धांगवायूचा झटका आला होता, आणि ‘सरांचा हात गेला’ असं नाशिकभर पसरलं होतं.

“सर, तुम्हाला त्रास नको म्हणून म्हटलं.”

“त्रास मला होतोय की तुला? ये घरी. ऐक आणि मग बोल.”

संध्याकाळी शेखर इंदिरानगरच्या फ्लॅटवर पोहोचला. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालतच तो आत आला. दार सईने उघडलं.

“काका, इथेच बसायचं. आजोबा म्हणालेत, बघून कुणीही वाहवा करतं. नुसतं ऐका.”

“अगं, पण मी सरांना निदान भेटतो तरी.”

“परीक्षा तुम्ही घेताय ना? मग नियम आमचे.”

“लहान आहेस, सई.”

“दहावीत आहे. बसा.”

शेखर बसला. आतल्या खोलीचं दार बंद होतं. टीपॉयवर औषधांचा डबा होता, शेजारी काढून ठेवलेल्या हिरव्या बांगड्या.

“कुसुमकाकू कुठे आहेत?”

“आजी आत आहे, आजोबांजवळ. चहा मी केलाय, तेव्हा अपेक्षा कमी ठेवा.”

आत गिटारचा जुना ॲम्प घरघरला. मग पहिली तार ओढली गेली आणि शेखरच्या हातातला कप तसाच राहिला.

तोच सूर! वर वर चढत जाणारा आणि पोहोचायच्या केसभर आधी थांबणारा. ऐकणाऱ्याचा जीव तिथेच टांगून ठेवणारा. या सुराने नाशिकच्या कितीतरी पोरांना ब्लूजचं वेड लावलं होतं. तो कुठे शिकलात असं विचारलं की दिवाकर म्हणायचे, “इगतपुरीच्या रेल्वे क्लबात. होतं एक हट्टी माणूस.” पुढे काही नाही.

शेखरने त्या सुरासाठी काय नाही केलं! तसाच ॲम्प शोधला, तशाच तारा लावल्या, पायाखाली पेडलची रांग मांडली. सूर आला नाही. आली ती फक्त सरांची सवय. वाजवण्याआधी मान वळवून क्षणभर डावीकडे बघायचं. ती शेखरला लागली, त्याच्याकडून त्याच्या शिष्यांना. आता गावात कुणी गिटार घेऊन डावीकडे बघितलं की लोक ओळखायचे, हा दिवाकरांच्या तालमीतला.

“रेकॉर्डिंग लावलं असेल,” शेखर पुटपुटला.

“मग करा की फर्माईश!”

“सर!” शेखरने हाक मारली. “ई स्केलमध्ये घ्या. एकदम संथ.”

सूर बदलला. संथ झाला, खोल गेला.

“एवढंच?” आतून दिवाकर गरजले. गिटार चालूच होती. “जरा अवघड सांग रे!”

शेखरने डोळे पुसले. “हा टोन दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. हजारात ओळखेन मी.”

“मग आत्ता ज्या हाताने वाजवलं, तोच हात रविवारी स्टेजवर. शब्द?” आतून दिवाकरांनी विचारलं.

“शब्द. आणि डाव्या विंगेत काकूंची खुर्ची ठेवतो, नेहमीसारखी.”

“ठेवाच,” सई म्हणाली. “लागेल.”

रविवारी हॉल गच्च भरला होता. पुढच्या रांगांत सगळे शिष्य. शेखर माईकवर म्हणाला, “सरांचा हात गेला म्हणणाऱ्यांनी आज कान उघडे ठेवावेत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा उघडला. मधोमध एक खुर्ची, ॲम्प आणि गिटार.

सईच्या खांद्याचा आधार घेत दिवाकर आले. उजवा हात निर्जीव लोंबत होता. टाळ्या अडखळल्या. मधल्या खुर्चीकडे न बघता ते पुढे गेले आणि डाव्या विंगेत, कुसुमकाकूंच्या वर्षानुवर्षांच्या खुर्चीवर जाऊन बसले.

त्यांच्या मागून कुसुमकाकू आल्या. मनगटं मोकळी, पदर खोचलेला. मधल्या खुर्चीत बसून त्यांनी गिटार मांडीवर घेतली.

“सर, हे काय?” शेखर माईक विसरून ओरडला.

“इगतपुरीचं ते हट्टी माणूस तुला बघायचं होतं ना?” विंगेतून दिवाकरांचा आवाज आला. “रेल्वेवाल्याची मुलगी आहे. खाली बस आणि ऐक.”

सवयीने सगळ्या शिष्यांच्या माना डावीकडे वळल्या.

कुसुमकाकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर बघत त्यांनी तार ओढली.